ओळख बंदरात ठरवा, कराचीत नको

प्रति,
मा. सचिव, परराष्ट्र मंत्रालय, नवी दिल्ली
मा. सचिव, गृह मंत्रालय, नवी दिल्ली
मा. सचिव, मत्स्यव्यवसाय विभाग, महाराष्ट्र शासन
मा. पोलीस अधीक्षक, पालघर

विषय: भारत-पाक सागरी सीमेवर पकडल्या जाणाऱ्या महाराष्ट्रातील खलाशांच्या राष्ट्रीयत्वाची पडताळणी

महोदय,

दर वर्षी १ जानेवारीला आणि १ जुलैला भारत आणि पाकिस्तान एकमेकांच्या ताब्यातल्या नागरी कैद्यांच्या व मच्छीमारांच्या याद्या एकमेकांना देतात. १ जुलै २०२५ च्या यादीत पाकिस्तानने १९३ मच्छीमार दाखवले, आपण ८१. या याद्यांच्या पत्रकात एक शब्दप्रयोग हमखास असतो: ‘भारतीय किंवा भारतीय असल्याचे मानले जाणारे’. हे पत्र त्या ‘मानले जाणारे’बद्दल आहे. माणूस डहाणूचा, बोट पोरबंदरची, बर्फ आणि डिझेल तिथल्याच जेट्टीवर भरलेले, आणि तरी हा माणूस भारतीय आहे एवढे कागदावर यायला महिने लागतात. हा सगळा वेळ पाकिस्तान खाते, असा समज आहे. काही खातेच. पण उरलेला वेळ दिल्ली, मुंबई, पालघर आणि तलासरी यांच्यामध्ये फायलींत जातो, आणि तो वाचवायला इस्लामाबादची परवानगी लागत नाही.

आधी करार काय म्हणतो ते पाहू. २१ मे २००८ ला दोन्ही देशांनी वाणिज्यदूत भेटीच्या करारावर सह्या केल्या. अटक झाल्यावर तीन महिन्यांच्या आत दूतावासाच्या अधिकाऱ्याला कैद्याची भेट मिळावी आणि राष्ट्रीयत्वाची खातरजमा झाल्यावर व शिक्षा संपल्यावर एका महिन्यात त्याला परत पाठवावे, असे त्यात ठरले आहे. या दुसऱ्या कलमातली मेख बघा. महिना मोजायला सुरुवात होते ती शिक्षा संपणे आणि खातरजमा होणे, या दोन्ही गोष्टी झाल्यावर. शिक्षा सहा महिन्यांत संपली आणि खातरजमा चौदाव्या महिन्यात आली, तर मधले आठ महिने तो माणूस कुठलाही करार न मोडता तुरुंगात राहू शकतो. जुलै २०२५ ची यादी देताना आपल्याच मंत्रालयाने शिक्षा भोगून झालेल्या १५९ भारतीय मच्छीमार व नागरी कैद्यांना लवकर सोडा, अशी मागणी केली होती. त्यांतले किती जण पाकिस्तानने अडवले आणि किती जण आपल्या उत्तराअभावी अडकले, याची फोड मंत्रालयाने कधीतरी करून पाहावी. ती जाहीर केली नाही तरी चालेल.

आता खातरजमा होते कशी? पकडलेले मच्छीमार कराचीच्या मलीर तुरुंगात असतात. आपला कराचीतला वाणिज्य दूतावास १९९४ पासून बंद असल्याने अधिकारी इस्लामाबादहून येतात. मे २०२५ पासून उच्चायुक्तालयातली मंजूर माणसे ५५ वरून ३० वर आली, म्हणजे आधीच तुरळक असलेल्या भेटी आणखी दुर्मीळ. भेटीत खलाशी तोंडी सांगतो आणि अर्ज भरला जातो: नाव, बापाचे नाव, गाव, तालुका, पोलीस ठाणे. तो कागद परराष्ट्र मंत्रालयाकडून गृह मंत्रालयाकडे, तिथून राज्याच्या गृह विभागाकडे, पोलीस अधीक्षकांकडे, ठाण्यात आणि शेवटी बीट अंमलदाराच्या, म्हणजे त्या गावाची जबाबदारी असलेल्या पोलिसाच्या, हातात येतो. अंमलदार गावात जातो, पोलीस पाटलाला विचारतो, घरच्यांचे जबाब घेतो, रेशनकार्ड बघतो. मग अहवाल त्याच पायऱ्यांनी वर चढतो. यातली एकही पायरी चुकीची नाही. चूक एवढीच, की ही सगळी यातायात माणूस अडकल्यावर सुरू होते.

आणि ती अडते ती बहुतेक वेळा नावात. समजा, तलासरी तालुक्यातल्या एका खलाशाचे आडनाव हाडळ आहे. गुजराती मालकाच्या वहीत ते बरोबर लिहिले जाते, कारण गुजरातीत ‘ळ’ आहे. उर्दूत ‘ळ’ नाही, तिथे त्याचा ‘ल’ होतो, आणि ऱ्हस्व स्वर तर सहसा लिहितच नाहीत. मग ते रोमन लिपीत जाते. दिल्लीहून पालघरला येईपर्यंत त्याचे हदल, हडाल, हादल असे काहीही झालेले असते. बापाचे नाव लाहानू. मालकाने सवयीने ‘लाहानुभाई’ लिहिलेले असते आणि तो ‘भाई’ कुठल्यातरी टप्प्यावर आडनावाच्या रकान्यात जाऊन बसतो. जन्मतारीख विचारली तर १ जून, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनी निम्म्या वर्गाला तीच तारीख दिलेली. ठाण्यात बसून या मजकुरावरून माणूस शोधणाऱ्या हवालदाराला दोष देता येणार नाही.

गावाच्या नावाचे तर विचारू नका. डहाणू-तलासरीकडे एका महसुली गावात दहा-बारा पाडे, म्हणजे वस्त्या, असतात. माणूस स्वतःच्या पाड्याचे नाव सांगतो, आणि पाटीलपाडा नावाचे पाडे तर किती गावांत निघतील. शिवाय १ ऑगस्ट २०१४ ला पालघर जिल्हा वेगळा झाला. त्याआधी काढलेल्या कागदांवर ‘जिल्हा ठाणे’ आहे, त्यामुळे चौकशीचा कागद आधी ठाण्याला जातो आणि ‘आमच्या हद्दीत येत नाही’ असा शेरा घेऊन परततो. तलासरीला लागून उंबरगाव, म्हणजे गुजरात. सोयरीक दोन्हीकडची, मतदार यादीतले नाव एकीकडचे आणि राहणे दुसरीकडचे. अशा माणसाची फाइल दोन राज्यांमध्ये ये-जा करत बसते.

तिसरा घोळ बोटीवरचा. ओखा, पोरबंदर, वेरावळच्या ट्रॉलरवर तांडेल, म्हणजे बोटीचा प्रमुख, धरून सहा ते आठ माणसे असतात. समुद्रात जाण्याच्या परवानगीचे टोकन घेताना नावे दिली जातात आदल्या दिवशी, बोट सुटते पहाटे. मधल्या वेळात एखादा खलाशी तापाने पडतो किंवा दुसऱ्या मालकाची मोठी उचल घेऊन निघून जातो, आणि जेट्टीवर जो रिकामा भेटेल त्याला चढवले जाते. टोकनवर नाव जुन्याचे, समुद्रात माणूस नवा. कधी समुद्रातच एका बोटीवरचा खलाशी त्याच मालकाच्या दुसऱ्या बोटीवर जातो. अशी बोट पकडली गेली की किनाऱ्यावरची यादी आणि मलीरमधली यादी जुळत नाही, आणि न जुळणारा माणूस साहजिकच ‘मानले जाणारे’ या सदरात पडतो.

यावर आधारकार्डाचे उत्तर दिले जाते. ते पुरत नाही. आधार हा नागरिकत्वाचा पुरावा नाही, हे २०१६ च्या आधार कायद्यातच लिहिलेले आहे, त्यामुळे आधार जुळले तरी पोलिसांची फेरी टळत नाही. टाळायची आहे ती नेमकी हीच फेरी. खरे तर टाळायचीही नाही, आधी उरकून ठेवायची आहे.

आमचा प्रस्ताव असा. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. हेच दिवस आवणीचे, म्हणजे भातलावणीचे. वर्षभर सौराष्ट्रात असलेला खलाशी या दिवसांत शेतावर, म्हणजे घरी असतो. त्याच काळात डहाणू, तलासरी आणि पालघर तालुक्यांतल्या ज्या ग्रामपंचायतींमधून माणसे बोटींवर जातात तिथे एकेक दिवसाचे शिबिर लावावे. टेबलावर पोलीस पाटील, ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचे ग्रामसेवक), बीट अंमलदार आणि मत्स्यव्यवसाय खात्याचा परवाना अधिकारी, चौघेही एकाच वेळी हवेत. शाळा सोडल्याचा दाखला किंवा जन्मनोंद, जातीचा दाखला, रेशनकार्ड, मतदार यादीचा भाग व अनुक्रमांक यांपैकी जे असेल ते पाहावे. पोलीस पाटलाचा आणि एका शेजाऱ्याचा जबाब तिथेच घ्यावा. फोटो आणि दहा बोटांचे ठसे. पत्ता लिहिताना पाडा, महसुली गाव, तालुका आणि जिल्हा असे चार वेगळे रकाने, आणि जुना जिल्हा ठाणे असेल तर तसे नमूद. नाव देवनागरी, गुजराती, रोमन आणि उर्दू या चारही लिप्यांत एकदाच ठरवून लिहावे. उर्दूतले नाव जाणकाराकडून तपासून घ्यावे, यंत्राच्या भरवशावर सोडू नये. यातून एक क्रमांक तयार होईल, तो त्या खलाशाचा. तीन वर्षांनी नूतनीकरण. पारपत्रासाठी पोलीस पडताळणी करतात त्याहून हे काम मोठे नाही. फरक इतकाच की पारपत्रवाला स्वतः अर्ज करतो, आणि हा करणार नाही. त्याच्याकडे जावे लागेल.

ही माहिती पाकिस्तानला द्यायची नाही. ती राज्याच्या गृह विभागाकडे राहावी आणि तटरक्षक दल व परराष्ट्र मंत्रालय यांना क्रमांकावरून पाहता यावी. अटकेची बातमी आली की मंत्रालयाने क्रमांक टाकावेत आणि ‘हे आमचे नागरिक’ असे लेखी पत्र तीन दिवसांत पाठवावे. मग करारातला तो एक महिना शिक्षा संपल्याच्या दिवसापासून मोजता येईल. तेव्हाही समोरच्याने माणूस सोडला नाही, तर निदान कागद आपल्या बाजूने बोलेल.

टोकनच्या वेळी आणखी एक साधी गोष्ट हवी: बोटीचा नोंदणी क्रमांक मागे दिसेल अशा जागी सगळे खलाशी उभे करून काढलेला एक फोटो. तो चढवल्याशिवाय टोकन निघता कामा नये. नावांची यादी आदल्या दिवशी देता येते, फोटो मात्र सुटतानाच निघतो. टोकन गुजरातच्या बंदरात निघते, म्हणून हे कलम महाराष्ट्राने एकट्याने लिहून उपयोग नाही. केंद्राने दोन्ही राज्यांना एकच नमुना द्यावा. समुद्रात माणूस बदलला तर तसा संदेश पाठवायची सोय बोटीवरच्या नव्या ट्रान्सपॉन्डरमध्ये, म्हणजे उपग्रहामार्फत संपर्क ठेवणाऱ्या यंत्रात, करता येईल. या यंत्रांच्या देशव्यापी योजनेचा प्रारंभ ३० ऑगस्ट २०२४ ला पालघरमध्येच झाला. १ लाख बोटींवर ती बसवायची आहेत आणि त्यांत दोन्ही बाजूंनी छोटे संदेश पाठवता येतात. ‘खलाशी अमुक क्रमांक आमच्याकडे आला’ एवढे सात-आठ शब्द पुरेत.

ट्रान्सपॉन्डरचा विषय निघालाच आहे तर सीमेच्या इशाऱ्याबद्दलही सांगायला हवे, कारण कागदावरचे अंतर आणि बोटीचे वागणे यांत गफलत होते. सीमेच्या अलीकडे ५ सागरी मैलांत मासेमारी करू नये, असा दंडक आहे. एक सागरी मैल म्हणजे १,८५२ मीटर. ट्रॉलर जाळे ओढत असते तेव्हा तिचा वेग साधारण ३ नॉट, म्हणजे तासाला ३ मैल. जाळे पाण्यात असताना बोट जागच्या जागी वळवता येत नाही. आधी जाळे उचलावे लागते आणि त्यात अर्धा ते एक तास जातो. इशारा ५ मैलांवर वाजला आणि तांडेलाने लगेच मनावर घेतले, तरी जाळे वर यायला तास लागला तर दोनच मैल उरतात. त्यात रात्र असेल, भरती-ओहोटीची ओढ तिकडची असेल, इंजिन बंद पडले असेल, तर ते दोन मैलही उरत नाहीत. २ नॉटच्या प्रवाहात बंद बोट तासाभरात २ मैल वाहते. म्हणून पहिला इशारा १० मैलांवर वाजावा आणि ५ मैलांवरच्या इशाऱ्यासोबत तटरक्षक दलाकडे आपोआप सूचना जावी. आणि हो, काही तांडेल यंत्र मुद्दाम बंद ठेवतात. सिंधूच्या मुखाकडचे मासळीचे पाणी कुठे आहे, ते त्यांना ठाऊक असते आणि ते शेजाऱ्याला कळू द्यायचे नसते. यंत्र बंद ठेवल्याचा दंड मालकाकडून घ्यावा, खलाशाच्या हिश्शातून नको. बोट कुठे न्यायची हे खलाशी ठरवत नाही.

याच यंत्राचा दुसरा उपयोग कायद्याचा आहे आणि तो आम्हाला जास्त महत्त्वाचा वाटतो. संयुक्त राष्ट्रांच्या सागरी कायदा करारावर भारताने १९९५ मध्ये आणि पाकिस्तानने १९९७ मध्ये शिक्कामोर्तब केले. त्याचे कलम ७३ सांगते की अनन्य आर्थिक क्षेत्रात, म्हणजे प्रादेशिक समुद्रापलीकडे २०० सागरी मैलांपर्यंतच्या पट्ट्यात, पकडलेली बोट व माणसे वाजवी हमी घेऊन तातडीने सोडावीत, अटकेची खबर बोटीच्या देशाला लगेच द्यावी, आणि दोन्ही देशांनी वेगळे ठरवले नसेल तर मासेमारीच्या गुन्ह्याला कैदेची शिक्षा असू नये. हे लागू होते १२ मैलांच्या प्रादेशिक समुद्राबाहेर. म्हणजे बोट किनाऱ्यापासून ११ मैलांवर पकडली की १४ मैलांवर, यावर माणसाचे वर्ष-दोन वर्षे अवलंबून. आज ती जागा सिद्ध करायला आपल्याकडे तांडेलाच्या आठवणीपलीकडे क्वचितच काही असते. शेवटच्या चोवीस तासांतली यंत्राची नोंद प्रत्येक अटकेनंतर जपून ठेवावी आणि १४ मैलांवरच्या प्रकरणात कलम ७३ नाव घेऊन मांडावे. आपला १९८१ चा परदेशी बोटींच्या मासेमारीचा कायदाही हाच भेद करतो: प्रादेशिक समुद्रात कैद होऊ शकते, त्यापलीकडे दंड. तेव्हा मागणी करताना आपले हात स्वच्छ आहेत.

पण पूर्ण स्वच्छ नाहीत. १ सप्टेंबर २०२५ पासून आपल्याकडे आप्रवासन व परकीय नागरिक कायदा लागू झाला आणि १९४६ चा जुना कायदा गेला. नव्या कायद्यात वैध पारपत्र किंवा व्हिसाशिवाय देशात शिरणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड आहे. घुसखोराला तो लागावाच. मात्र इंजिन बंद पडून कच्छमधल्या जखौच्या पाण्यात वाहत आलेला सिंधमधला मच्छीमार आणि रात्री कुंपण कापून येणारा यांना एकाच कलमात बसवले, की कराचीतले न्यायालय आपल्या माणसाला बसवते त्याला आक्षेप घेण्याचा आपला अधिकार जातो. केंद्राला सूट देण्याचा अधिकार याच कायद्यात आहे आणि काही गटांसाठी तसा आदेश निघालेलाही आहे. त्यात एक ओळ वाढवावी: शस्त्र, स्फोटके, अमली पदार्थ किंवा उपग्रह फोन न सापडलेल्या मासेमारी बोटीवरील माणसांची संयुक्त चौकशी पंधरा दिवसांत संपवून, संशय नसल्यास खटला न भरता परत पाठवणे. अट परस्परतेची ठेवावी. आपण आपल्या ताब्यातल्या मच्छीमारांबाबत हे करून दाखवले तर आपल्या माणसांसाठी मागायला तोंड उरेल.

‘आधी सर क्रीकचा निकाल लागू द्या, मग हे सगळे आपोआप सुटेल’ असे सांगणारे बरेच आहेत. कच्छच्या रणाच्या टोकाशी असलेली ही ९६ किलोमीटरची खाडी. पाकिस्तान १९१४ च्या मुंबई सरकारच्या ठरावावर बोट ठेवून पूर्वेचा काठ ही सीमा मानते, आपण खाडीची मध्यधारा. रणाचा निवाडा १९६८ मध्ये झाला, खाडी त्यातून बाहेर राहिली. जमिनीवर हा फरक काही किलोमीटरचा, पण समुद्रातली रेषा याच टोकापासून निघते, त्यामुळे पुढे तो रुंदावत जातो. वाद खरा आहे. पण रेषा ठरली म्हणून अटका थांबतात, याला आधार नाही. भारत आणि श्रीलंकेची सागरी सीमा १९७४ आणि १९७६ च्या करारांनी ठरली आहे, आणि रामेश्वरमच्या बोटी आजही पकडल्या जातात. मासळी रेषा पाळत नाही आणि जाळे मासळीमागे जाते. सर क्रीकचा निकाल लागेल तेव्हा लागो, पाडा आणि महसुली गाव वेगळ्या रकान्यांत लिहायला त्याची वाट पाहायचे कारण नाही.

सुरक्षेच्या बाजूने शंका येईल, की हे सगळे खलाशांच्या सोयीचे झाले. नोव्हेंबर २००८ मध्ये मुंबईवर हल्ला करणारे दहा जण ‘कुबेर’ या पोरबंदरच्या बोटीतून आले. अशी बोट समुद्रात थांबवली, तर तीवर आज सकाळी कोण चढले होते त्यांचे चेहरे तटरक्षक दलाच्या पडद्यावर दिसावेत, यापेक्षा सोपी तपासणी कुठली? जो फोटो मलीरमधल्या माणसाला घरी आणतो, तोच फोटो परक्याला बोटीवरून खाली उतरवतो.

बाकी दोन गोष्टी थोडक्यात. कैदेत असलेल्या खलाशाच्या घरी द्यायची मदत बोटीच्या नोंदणीवरून न ठरवता त्याच्या रहिवासावरून ठरवावी आणि अटकेच्या तारखेपासून द्यावी, परतल्यावर नव्हे. उचल घेतलेली असते, पगार अटकेच्या दिवशी थांबतो आणि मालक उचलीचा हिशेब घरच्यांकडे मागतो. दुसरे, कैद्यांच्या प्रश्नासाठी नेमलेल्या दोन्ही देशांतल्या निवृत्त न्यायाधीशांच्या संयुक्त समितीची शेवटची भेट ऑक्टोबर २०१३ ची आहे. तिची वाट पाहू नये. अटारीची सीमा चौकी एप्रिल २०२५ पासून बंद आहे हे कारणही चालणार नाही. १४ मे २०२५ ला सीमा सुरक्षा दलाचा जवान याच फाटकातून परत आला.

शिबिरांसाठी नवा कायदा लागत नाही. गृह विभागाचे एक परिपत्रक आणि मत्स्यव्यवसाय विभागाचा एक शासन निर्णय पुरतो. ते मे संपायच्या आत निघाले तर १ जूनला परतणाऱ्या माणसांची नोंद त्याच पावसाळ्यात होईल. जूनच्या मध्यानंतर निघाले तर आवणी सुरू झालेली असेल. मग शिबिर सकाळी न ठेवता संध्याकाळी पाचनंतर ठेवावे, नाहीतर टेबलापाशी कोणी येणार नाही. अर्जाचा एका पानाचा नमुना चार लिप्यांच्या रकान्यांसह सोबत जोडला आहे.

आपले,
सागरी मासेमारी, बोटनोंदणी आणि सागरी कायदा या क्षेत्रांत काम करणारे
पालघर जिल्ह्यातील नागरिक